हात लावू नये

माझ्या नवऱ्याने जन्मात एकच हौस केली आणि तीही भंगारात निघालेली उचलून आणली. चार वर्षं आमच्या अंगणात एक जुनी पिकअप गाडी उभी होती. चार वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसतमुखाने खोटं सांगत होते की आता झालीच आहे, थोडंच काम राहिलंय.

नवऱ्याचं नाव राजानंद. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण कागदावर ते बरं दिसत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात त्यांनी पस्तीस वर्षं तुरीच्या शेतात काढली. ते शास्त्रज्ञ नव्हते. शास्त्रज्ञांनी दिलेलं बी पेरायचं, झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायच्या, शेंगा मोजायच्या आणि बी खाकी पाकिटात भरून वर वाण, वाफा, तारीख लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्तीबरोबर ही सवय सुटेल असं मला वाटलं होतं. ती घरी राहायला आली. आमच्या मिठाच्या बरणीवरही ती कधी भरली याची तारीख असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांवर ओरडले, त्यामुळे ओरडणारी मी आणि शांतपणे आपलंच करणारे ते, असा आमचा संसार चालला आणि बरा चालला.

गाडी मूळची वाटूरची. राजानंदचे वडील भिवा तिथले. रस्त्याच्या ठेकेदाराकडे राहून ते आधी रोलर आणि मग ट्रक चालवायला शिकले होते. एकोणसत्तर साली वाटूरच्या रामरावांनी बागेतली मोसंबी जालन्याच्या बाजारात न्यायला ही पिकअप घेतली. पुढे दोन माणसांची केबिन, मागे फळ्यांचा हौदा, पेट्रोलचं इंजिन. गाडी दारात आल्यावर कळलं की ती चालवता येणारा आसपास एकच माणूस आहे आणि तो बौद्धवाड्यात राहतो. तोवर रामरावांच्या ओट्यावर भिवा कधी बसले नव्हते. पण गाडीला ओटा नसतो. चाक भिवांच्या हातात आणि रामराव शेजारी, एकाच सीटवर, असे ते दोघं चोवीस वर्षं जालन्याला जाऊन येत राहिले. गावाने आधी नाकं मुरडली. मग गावालाही जालन्याची कामं निघू लागली.

माझ्या सासूबाई कांताबाई त्याच बागेत तोडणीला जायच्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. टोपल्या चढवून झाल्या की त्या हौद्यात बसायच्या, ड्रायव्हरच्या बरोबर पाठीमागे, केबिनच्या पत्र्याला टेकून. लहानपणी राजानंदही बरोबर असायचे. पुढे मालक बसलेला, तेव्हा नवराबायकोने बोलायचं कसं? तर पत्र्यावर थाप देऊन. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे सगळ्याच गाड्यांवर चालतं. पण या दोघांत तीन थापाही होत्या. तीन म्हणजे काय, हे आत्याबाईंनी मला लग्न होऊन आल्यापासून कधी सांगितलं नाही. विचारलं की तोंडाला पदर लावून हसायच्या आणि 'ते आमचं हाय' म्हणायच्या. राजानंदना विचारलं तर म्हणाले, तो आईचा विषय आहे, तिलाच विचार.

पुढच्या सीटवर मात्र आत्याबाई कधी बसल्या नाहीत. रामराव गाडीत नसले तरी नाही. ती मालकाची जागा, आणि बघायला सगळं गाव. भिवा म्हणायचे, एक दिवस तुला पुढे बसवून वाटूरच्या फाट्यावरून मिरवत नेतो. त्र्याण्णव साली ते गेले. गाडीला दुसरा ड्रायव्हर लाभला नाही आणि ती बागेच्या कडेला उभी राहिली. तो एक दिवस राहूनच गेला.

तो दिवस राजानंदना आणायचा होता. आई बसू शकते तोवर तिला त्याच गाडीत, त्याच सीटवर बसवून वाटूरला न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आमच्याकडे कार आहे आणि तिच्यात आत्याबाई शंभरदा पुढे बसल्या आहेत, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "कारमध्ये ती माझी आई म्हणून बसते. त्या गाडीत तिला भिवाची बायको म्हणून बसायचं होतं."

गाडी मिळाली तीही वेळेवर. रामरावांचा मुलगा राधेश्याम याने भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं होतं. म्हणजे आठवड्याभरात जालन्याच्या भट्टीत वितळून तिची सळई झाली असती आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन पडली असती. आम्ही रविवारी पोचलो. केबिनमध्ये कोंबड्या राहत होत्या आणि एक तर स्टिअरिंगखाली अंड्यांवर बसली होती. राजानंदनी कसं विचारावं याची वाटभर तयारी केली होती, ती काही कामी आली नाही. राधेश्याम म्हणाला, "चालवली तुमच्या बापानं. आमचा बाप नुसता बसून राह्यला. घेऊन जा बिलकुल." फक्त अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत थांबा, एवढीच त्याची अट होती. त्यामुळे आम्ही बारा दिवस थांबलो.

मग अंगणात पत्र्याची शेड आली आणि माझा वाळवणाचा कोपरा गेला. राजानंदनी गाडी खोलायला घेतली ती तुरीचं पीक काढावं तशी. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर खाकी पाकिटात, आणि पाकिटावर लिहिलेलं: 'पुढचं चाक, पूर्वेकडून दुसरा नट.' शेतात दिशा बदलत नाहीत, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पुढे शेडमध्ये उजेड कमी पडतो म्हणून चौघांनी ढकलून गाडी उलटी वळवून उभी केली. दोन महिने पूर्वेकडचे नट पश्चिमेला बसवून झाले आणि एकही धड बसेना, तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि सहज विचारलं की गाडीचं तोंड आधी कुठे होतं. मग त्यांनी चारशे पाकिटांवर दिशा खोडून डावं-उजवं लिहिलं. मी गल्लीतल्या पोरांना हे सांगितलं तर पोरं आठवडाभर हसत होती.

दुसरी गंमत रेडिएटरची. तो आतून धुतला तेव्हा पिवळंधमक पाणी निघालं, बादलीच्या तळाशी पिवळा गाळ. भिवा गळका रेडिएटर हळद टाकून बुजवायचे, जुन्या ड्रायव्हरांची ती रीतच. आत्याबाई बाजेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "घरातली हळद कुठं जायची ते आज समजलं. मी आपली जावेवर संशय घेऊन राह्यले होते." त्यांची ती जाऊ वारून पंधरा वर्षं झाली होती. रेडिएटर स्वच्छ झाला आणि तीन जागी गळायला लागला, कारण भोकं धरून ठेवली होती ती हळदीनेच. यातून मी काही शिकायला हवं होतं. मी फक्त हसले.

इंजिन बोअर करायला जालन्याला गेलं, परत आलं. हौद्याच्या फळ्या बाभळीच्या बसवल्या. कागदपत्रांचं सहा महिने चाललं. रंग तोच, जुना आकाशी. पण सगळी गाडी घासून रंगवताना राजानंदनी एक तुकडा सोडला. केबिनच्या पाठीच्या पत्र्यावर, ड्रायव्हरच्या बाजूला, हातभर लांबीरुंदीची जागा. तिथे जुना रंग उडालेला, पत्रा आत दबलेला, गंजाची कड. त्यावर त्यांनी खडूने लिहिलं: 'कंट्रोल. हात लावू नये.' वर दोऱ्याने केंद्रातल्यासारखी चिठ्ठीही लटकवली. मी विचारलं हे काय? म्हणाले, कुठल्याही प्रयोगात एक वाफा तसाच ठेवतात. खत नाही, औषध नाही. म्हणजे बाकीच्यांत काय फरक पडला ते कळतं. मी कपाळावर हात मारून घेतला. नवीन साडीला मुद्दाम ठिगळ लावावं, तसं ते दिसत होतं.

दिवाळीनंतर आत्याबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. काचबिंदूने एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याने आता सावल्या तेवढ्या दिसायच्या. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितलं, माघापर्यंत खुर्चीत बसतील, पुढचं सांगता येत नाही. राजानंद त्या दिवसापासून शेडमध्ये जेवायला लागले. जे काम ते महिनाभर चघळत बसायचे, ते आठवड्यात उरकू लागले. रात्री कूस बदलताना मला त्यांच्या बोटांना येणारा पेट्रोलचा वास यायचा. त्यांना भीती वाटत होती, हे मला कळत होतं. मलाही वाटत होती. या बाईने मला लेकीसारखं वागवलं. माझी साक्षी दीड महिन्याची असताना मी नोकरीवर गेले, ते हिने बाळ छातीशी धरलं म्हणून. तिच्या एका इच्छेसाठी मला काही करता येत नव्हतं, नुसता चहा तेवढा करता येत होता.

म्हणूनच मी पुढचा उद्योग केला. जानेवारीत राजानंद समोरच्या काचेचं रबर शोधायला दोन दिवस संभाजीनगरला गेले. त्याच दिवशी बोनेटचा शेवटचा हात मारायला जालन्याहून काकासाहेब डेंटर आले. पन्नाशीचा माणूस, हात सोन्यासारखा. जाताना त्यांनी तो तुकडा बघून विचारलं, ताई, हे राह्यलं का? मला वाटलं, हे एक काम मी उरकून ठेवलं तर एक दिवस तरी लवकर गाडी निघेल. आणि खरं सांगायचं तर मला ते ठिगळ डोळ्यांसमोर नकोच होतं. मी चिठ्ठी तोडली. ओल्या फडक्याने खडू पुसला. काकासाहेबांनी बाहेरून लाकूड लावून, आतून हातोडी मारून पत्रा सपाट केला, लांबीची पुट्टी भरली, घासली आणि दुसऱ्या दिवशी रंग मारला. कुठे खळगा होता ते सांगूनही कळलं नसतं.

राजानंद आले, रबर खांद्यावर घेऊन. मी त्यांना हौसेने गाडीमागे नेलं. त्यांनी रबर खाली ठेवलं आणि त्या जागेवरून तळवा फिरवला, एकदा, परत एकदा. मग म्हणाले, "कंट्रोल गेला." आणि हात धुवायला निघून गेले.

मला राग आला. एवढं केलं त्याचं काही नाही. मी मोरीपर्यंत त्यांच्या मागे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ते साबण लावत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "तिथं आईचा हात होता, पुष्पा. चोवीस वर्षं थापा देऊन तो पत्रा आत गेला होता. तिला डोळ्यानं गाडी दिसणार नाही. हातानं दिसली असती."

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? कंट्रोल काय, प्रयोग काय. ते म्हणाले, सांगायला गेलो असतो तर रडू आलं असतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टॉवेल खुंटीला लावला आणि रबर बसवायला गेले. मी चिठ्ठी केराच्या डब्यातून काढली, पुसली आणि माझ्या पैशांच्या पाकिटात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी गाडी निघायची ठरली. साक्षी पुण्याहून आली होती. आजी वाटेत थकली तर म्हणून ती मागून कार घेऊन येणार होती. आत्याबाईंनी पांढरं लुगडं नेसलं, वॉकर धरून अंगणात आल्या. राजानंदनी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं आणि शेडचा पत्रा थरथरला. आत्याबाई आवाज ऐकत उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्या गाडीच्या कडेकडेने निघाल्या, एक हात वॉकरवर, एक गाडीवर. दार चाचपलं, हँडल चाचपलं. केबिन आणि हौद्याच्या मधून त्यांनी हात आत घातला आणि पाठीच्या पत्र्यावर ती जागा शोधू लागल्या. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. बोटं नुसती घसरत होती.

"ही ती गाडी न्हाई," त्या म्हणाल्या. राग नव्हता, तक्रार नव्हती. परक्याच्या दारात चुकून आलेल्या माणसासारखा आवाज होता.

राजानंद बोनेटजवळ उभे होते. ते काही बोलणार नाहीत, माझं नावही घेणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि तेच मला सहन होईना. मी आत्याबाईंचा हात धरला आणि सगळं सांगितलं. खळगा तुमच्या मुलाने जपून ठेवला होता, त्यावर हात लावू नये असं लिहिलं होतं, मी तो पुसला आणि सपाट करून घेतला. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नाही. सांगताना माझा आवाज शाळेतल्या पोरांसारखा झाला.

आत्याबाईंनी पुन्हा एकदा त्या पत्र्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "पत्राच हाय तो. खळगा काय एका दिवसात पडला व्हता का? पडंल पुन्हा." आणि विचारलं, "मागं कोन बसून राह्यलंय?"

मागे कुणीच बसणार नव्हतं. मी साक्षीबरोबर कारमध्ये जाणार होते. आत्याबाई म्हणाल्या, मागं माणूस नसलं की गाडी रिकामी वाटती. अशी मी बासष्टाव्या वर्षी, स्टुलावर चढून, साक्षीच्या खांद्याचा आधार घेऊन हौद्यात गेले. खाली गादी होती. मी कुठे बसायचं हे आत्याबाईंनी खाली उभं राहून सांगितलं: ड्रायव्हरच्या बरोबर मागं, पत्र्याला टेकून.

राजानंदनी आईला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, पाठीशी उशी दिली. मी केबिनच्या मागे होते, मला आतलं काही दिसत नव्हतं. दोघांत काही बोलणं झालं असेल तर तेही ऐकू आलं नाही. पण खिडकीतून एक बारीक हात बाहेर आला आणि दारावर दोन थापा पडल्या. गाडी निघाली.

जालना मागे पडलं. चाळीसच्या वर गाडी जात नव्हती आणि जाऊ दिली जात नव्हती. मोटारसायकलवरची माणसं वळून बघायची, काही हात करायची. मी आधी लाजले, मग मीही हात केला. दोनदा थांबलो, आत्याबाईंना पाणी दिलं, त्या थकल्या नाहीत म्हणाल्या. वाटूरचा फाटा आला तेव्हा राजानंदनी वेग अजून कमी केला आणि भर चौकातून गाडी अशी नेली की टपरीवरच्या सगळ्यांना पुढे कोण बसलंय ते नीट दिसावं. त्यांच्या पाठीला माझी पाठ होती, मधे पत्रा. हॉर्न तीनदा वाजला. एरवी ते हॉर्न वाजवत नाहीत.

फाट्यापासून बागेकडे वळलो तिथे रस्ता उखडलेला होता. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मी गादीवरून उचलून फळीवर पडले. कंबर सणकली, तोंडात धूळ गेली. गाडी थांबली. मला वाटलं बंद पडली, पण इंजिन चालू होतं. मला वाटलं आत्याबाईंना लागलं, पण दार उघडलं नाही. गाडी नुसती उभी. पुढे रस्ता मोकळा होता. मी साक्षीकडे पाहिलं, तीही कारमधून हाताने काय झालं म्हणून विचारत होती.

मग आत्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दिसत नसूनही त्यांनी मान मागे वळवली होती.

"तीन दे, पुष्पा," त्या म्हणाल्या. "तीन म्हंजी मागचं माणूस बरं हाय. खड्डा गेला की हे थांबायचे. तीन ऐकल्याबिगर गाडी हालत नसायची."

पत्र्याच्या पलीकडे राजानंदही तेच ऐकायला थांबले होते. वडिलांनी गाडी शिकवताना त्यांना ते शिकवलं असणार. आणि मला वाटत होतं की या घरात विचारपूस फक्त मीच करते. किती खड्ड्यांनंतर हा माणूस असा थांबला असेल आणि मी नुसती चिडले असेन, ते मला मोजता येईना. मला फार बरं वाटत होतं, कंबर दुखत असूनही. या दोन माणसांत मी येऊन पडले याबद्दल कुणाचे आभार मानायचे तेही कळत नव्हतं.

मी गुडघ्यांवर सरकले आणि त्या गुळगुळीत, नव्या रंगाच्या पत्र्यावर तळवा ठेवला. पहिली थाप मी हलकी दिली, रंग खराब होईल म्हणून. पुढच्या दोन जोरात दिल्या. गाडी हलली.